चौदा विमाने आणि एक छोटा कारखाना : न्यूझीलंडच्या ‘एअरट्रेनर’चा प्रकरण अभ्यास

१९७० च्या दशकाच्या मध्यास न्यूझीलंडमधील हॅमिल्टन शहराजवळच्या एका छोट्या विमान कारखान्यापुढे विचित्र पेच उभा राहिला. एका स्विस कंपनीने चौदा प्रशिक्षण विमानांची मागणी नोंदवली होती. विमानांत दोष नव्हता आणि ती बांधण्याचे कसब कारखान्याच्या अंगवळणी पडले होते. मात्र विमाने प्रत्यक्षात ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) हवाई दलासाठी होती आणि त्या राजवटीवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध लागू होते. निर्यात रोखली गेली, विमाने साठवून ठेवावी लागली आणि काही वर्षे त्यांना कोणी वालीच उरला नाही.

एवढ्या आकाराच्या कारखान्याच्या लेखी चौदा विमाने ही किरकोळ संख्या नव्हे. तोवर हाती आलेली सर्वांत मोठी मागणी सदतीस विमानांची होती, त्यामुळे चौदा विमाने अडकणे म्हणजे कित्येक महिन्यांचे श्रम, धातू, इंजिने आणि भांडवल एकाच वेळी गोठणे होते. या लेखात मी या घटनेचे मागचेपुढचे धागे तपासणार आहे. स्वतःच्या देशात पुरेसे गिऱ्हाईक नसताना प्रशिक्षण विमाने बनवणारा छोटा राष्ट्रीय उद्योग कशावर उभा राहतो आणि कशामुळे डळमळतो, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. त्या उद्योगाचे नाव वेळोवेळी बदलले, पण विमान एकच राहिले : सीटी-४ एअरट्रेनर.

आराखड्याचा प्रवास

एअरट्रेनरचे मूळ हॅमिल्टनमध्ये नाही. ते हेन्री मिलिसर या पोलंडमध्ये जन्मलेल्या अभियंत्याच्या कामात आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर आक्रमण झाले तेव्हा मिलिसर पोलिश हवाई दलात होते. युद्धानंतर ते ऑस्ट्रेलियात आले आणि तेथील सरकारी विमान कारखान्यात वायुगतिकीचे प्रमुख झाले. १९५३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल एरो क्लबने हलक्या विमानाच्या आराखड्यासाठी घेतलेली स्पर्धा त्यांच्या दोन आसनी विमानाने जिंकली. पारितोषिक मिळाले तरी कारखाना मिळेना, म्हणून मेलबर्नमधील हौशी मंडळींच्या एका गटाने त्या आराखड्याचा लाकडी नमुना हाताने बांधला आणि ३१ मार्च १९५९ रोजी तो उडवला.

हे विमान उत्पादनासाठी उचलणारी कंपनी लोकांना तोवर केवळ गवत कापण्याच्या यंत्रांमुळे ठाऊक होती. मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांच्या ‘व्हिक्टा’ या कंपनीने त्या यंत्रांवर उत्तम जम बसवला होता. तिने मिलिसरचे विमान लाकडाऐवजी धातूत उतरवले, डिसेंबर १९६१ मध्ये धातूचा पहिला नमुना उडवला आणि ‘एअरटूरर’ या नावाने विक्री सुरू केली. शंभर अश्वशक्तीचे इंजिन असले तर एअरटूरर १०० आणि एकशे पंधराचे असले तर एअरटूरर ११५, असा नावांचा सरळ हिशेब होता. व्हिक्टाने अशी सुमारे १७० विमाने बनवली. देशी बनावटीच्या हलक्या विमानाच्या मानाने हा आकडा लहान नाही.

तरीही धंदा टिकला नाही. सेसना आणि पायपर या अमेरिकी कंपन्यांची विमाने हजारोंच्या संख्येने बनत असल्यामुळे स्वस्त पडत, आणि ऑस्ट्रेलियात त्यांच्यावर व्हिक्टाला हवे होते तसे आयात शुल्क नव्हते. कंपनीने सरकारकडे संरक्षण मागितले. ते न मिळाल्यामुळे १९६७ च्या सुरुवातीस तिने विमान विभागच बंद केला. काही महिन्यांपूर्वीच, जुलै १९६६ मध्ये, तिने ‘एअरक्रूझर’ हे चार आसनी, २१० अश्वशक्तीचे अधिक दणकट विमानही उडवले होते. त्याचे उत्पादन सुरूच झाले नाही आणि एकुलता एक नमुना मागे राहिला.

या सोडून दिलेल्या दोन आराखड्यांवर न्यूझीलंडचा प्रशिक्षण विमानांचा उद्योग उभा राहिला. एअरटूररचे हक्क हॅमिल्टनच्या एरो इंजिन सर्व्हिसेस लिमिटेड या कंपनीने घेतले. नावावरूनच कळते की इंजिनांची देखभाल-दुरुस्ती हे तिचे मूळ काम होते. १९६९ मध्ये तिने एअरक्रूझरचेही हक्क घेतले. दुसऱ्याने टाकलेला आराखडा उचलणे हे कमीपणाचे मानण्याची रीत आहे, पण माझ्या मते या कंपनीचा तो सर्वांत शहाणा निर्णय होता. नवे विमान कागदापासून प्रमाणपत्रापर्यंत नेण्यात मोठमोठ्या कंपन्यांचे कंबरडे मोडते, आणि येथे तो खर्च बऱ्याच अंशी दुसऱ्याने आधीच केलेला होता.

हॅमिल्टनच का?

हॅमिल्टनला हे काम झेपले त्याचे कारण शेतीत आहे. न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांवर मेंढ्या भरपूर असल्या तरी जमीन कसदार नव्हती, आणि त्या चढांवर खत घेऊन ट्रॅक्टर जाऊ शकत नव्हता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तेथील हवाई दलाने युद्धातील ॲव्हेंजर विमानांतून सुपरफॉस्फेट टाकून पाहिले. प्रयोग यशस्वी झाला आणि पाहता पाहता विमानातून खत पसरणे हा देशातला भरभराटीचा व्यवसाय झाला. सुरुवातीला त्यासाठी जुनी टायगर मॉथ विमाने वापरत. पुढे अमेरिकेत जॉन थॉर्प यांनी आखलेले फ्लेचर एफयू-२४ हे खास या कामाचे विमान आले. ते हॅमिल्टनला जोडले जाऊ लागले आणि साठच्या दशकात त्याचे उत्पादन हक्कच एअर पार्ट्स या स्थानिक कंपनीकडे आले.

खत टाकणारे विमान दिवसभरात कित्येक वेळा उतरते आणि उडते, तेही टेकडीच्या माथ्यावरच्या उतरत्या धावपट्टीवरून, पूर्ण वजन घेऊन. वर खताची रासायनिक धूळ सांध्यासांध्यांत शिरते. अशा विमानांची देखभाल करणाऱ्या माणसांना कोणता सांधा आधी थकतो, कोणते रिव्हेट आधी सैल होते आणि पत्र्याला कोठे गंज चढतो याचे ज्ञान पुस्तकातून घ्यावे लागत नाही. प्रशिक्षण विमानाच्या नशिबी जवळजवळ हेच येते, कारण शिकणारा माणूस ते दिवसातून अनेकदा आपटत उतरवतो. सीटी-४ च्या टणकपणाची जी वाखाणणी पुढे झाली, तिच्या मुळाशी मला कुरणांवरचा हा अनुभव दिसतो.

एअरटूररनेही त्या काळात आपली लायकी दाखवली. १९६९ मध्ये क्लिफ टेट या न्यूझीलंडच्या वैमानिकाने ‘मिस जेसी’ नावाच्या एअरटूरर ११५ मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ५३ हजार किलोमीटरचा हा प्रवास ११५ अश्वशक्तीच्या विमानाने ८१ दिवसांत पुरा केला. १९७० मध्ये न्यूझीलंडच्या हवाई दलाने चार एअरटूरर घेतली. ही खरेदी छोटी होती, पण तिच्यामुळे कंपनीच्या कामावर प्रथमच लष्करी मोहोर उमटली.

दोन आसने आणि दोन काठ्या

एअरटूररच्या कक्षात डोकावले की त्याचे नागरी वळण लगेच ध्यानात येते. दोघे शेजारीशेजारी बसतात आणि त्यांच्यामध्ये नियंत्रणाची एकच काठी असते. डावीकडचा ती उजव्या हाताने धरतो, उजवीकडचा डाव्या हाताने. दोन काठ्यांचे वजन आणि खर्च वाचवणारी ही युक्ती हौशी उड्डाणासाठी सुरेख आहे. लष्करी शाळेत मात्र ती अडचणीची ठरते. तेथे विद्यार्थ्याच्या हाताला पुढल्या विमानांची सवय लावायची असते, आणि त्याच्या हातून चूक होत असेल त्या क्षणी प्रशिक्षकाच्या हाती स्वतःची काठी असावी लागते.

म्हणून हवाई दलासाठी विमान बनवायचे ठरल्यावर कंपनीने एअरटूररऐवजी एअरक्रूझरचा सांगाडा आधार म्हणून घेतला, कारण चार माणसांसाठी आखलेल्या त्या सांगाड्यात बळ शिल्लक होते. मुख्य आराखडाकार पी. डब्ल्यू. सी. मंक यांच्या देखरेखीखाली त्याचे रूपांतर झाले. वरचा बंद कक्ष काढून त्या जागी मागच्या बाजूस बिजागरी असलेली मोठी पारदर्शक कॅनोपी बसवली आणि पुढच्या दोन आसनांना स्वतंत्र काठ्या दिल्या. मागे तिसऱ्या आसनाची सोय ठेवता येत होती. कॉन्टिनेंटल कंपनीचे २१० अश्वशक्तीचे इंजिन कायम राहिले आणि तीन चाकांची न मिटणारी साधी घडणही तशीच ठेवली. कसरती करता याव्यात म्हणून सांगाडा गुरुत्वाच्या सहापट धन आणि तिप्पट ऋण भार सोसेल असा केला. २३ फेब्रुवारी १९७२ रोजी पहिला एअरट्रेनर उडाला.

शेजारीशेजारी बसण्याचे महत्त्व येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण हवाई दले त्यावर आजही वाद घालतात. पुढेमागे आसने असली की विद्यार्थ्याला लढाऊ विमानातल्यासारखा एकटेपणा मिळतो आणि दोन्ही बाजूंना मोकळी दृष्टी राहते. पण प्रशिक्षकाला समोर फक्त त्याचे शिरस्त्राण दिसते. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला विद्यार्थ्याचे डोळे कोठे खिळले आहेत, काठीवरची मूठ किती आवळली आहे आणि पाय रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलांवर नुसते टेकले आहेत की ताठरले आहेत, हे सारे एका तिरक्या नजरेत कळते. विमान मुद्दाम गिरकीत घातल्यावर जमीन गरगर फिरू लागते, आणि बावरलेला विद्यार्थी काठी पोटाशी ओढतो की शिकवल्याप्रमाणे आधी उलट रडर देतो, हे तेव्हा पाहायचे असते. पहिल्या काही तासांतच माणूस वैमानिक होण्याजोगा आहे की नाही याचा निर्णय करायचा असेल, तर शेजारची खुर्ची हेच योग्य स्थान आहे. सीटी-४ नेमके त्या पहिल्या टप्प्याचे विमान होते.

मागणीचा पूर आणि मग ओहोटी

सुरुवात झकास झाली. थायलंडच्या हवाई दलाने २४ विमाने मागवली आणि ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने ३७. ऑस्ट्रेलियात ती विंजील या जुन्या देशी प्रशिक्षण विमानाच्या जागी आली आणि १९७५ पासून मेलबर्नजवळच्या पॉइंट कुक तळावर वापरली जाऊ लागली. तेथे त्यांच्या पिवळ्या-हिरव्या रंगामुळे ‘प्लास्टिकचा पोपट’ हे नाव पडले. विमान पूर्ण धातूचे असल्यामुळे नावातला प्लास्टिक हा शब्द वस्तुस्थितीला धरून नव्हता, तरी ते नाव चिकटले ते चिकटलेच. ज्या ऑस्ट्रेलियात संरक्षणाअभावी हा आराखडा बंद पडला होता, त्याच देशाच्या सरकारने काही वर्षांनी तो शेजारच्या देशाकडून विकत घेतला. व्हिक्टाच्या कामगारांना त्या वेळी काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दरम्यान १९७३ मध्ये एरो इंजिन सर्व्हिसेस आणि एअर पार्ट्स या दोन कंपन्यांचे विलीनीकरण होऊन न्यूझीलंड एअरोस्पेस इंडस्ट्रीज ही कंपनी निर्माण झाली. प्रशिक्षण विमान आणि शेतीचे विमान एका छपराखाली आले. त्या काळी ही घटना केवळ प्रशासकीय वाटली असेल, पण पुढच्या वीस वर्षांकडे पाहता कंपनीचा जीव त्याच निर्णयाने वाचवला असे मी म्हणेन.

ऱ्होडेशियाचे प्रकरण याच भरभराटीच्या काळातले आहे. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी तेथील गोऱ्या अल्पसंख्याकांच्या सरकारने ब्रिटनपासून एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केले होते. सुरक्षा परिषदेने १९६६ मध्ये काही वस्तूंपुरते आणि १९६८ मध्ये सर्वंकष निर्बंध बंधनकारक केले. तेव्हापासून त्या राजवटीची खरेदी तिसऱ्या देशांतल्या मध्यस्थांमार्फत चाले. कागदोपत्री गिऱ्हाईक स्विस असल्यामुळे हॅमिल्टनच्या दृष्टीने ती एक सामान्य निर्यात मागणी दिसत होती. खरा वापरकर्ता उघड झाल्यावर विमाने देणे शक्यच नव्हते, आणि ती दिली गेली नाहीत हे योग्यच झाले. ऱ्होडेशियात तेव्हा गनिमी युद्ध चालू होते. अशा युद्धात वैमानिक तयार करणारे विमान निरुपद्रवी असते, असे कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकणार नाही.

पण कारखान्याच्या बाजूने पाहिले तर प्रशिक्षण विमानांच्या धंद्याचा मूळ दुबळेपणा येथे उघडा पडतो. प्रवासी मोटारीचे गिऱ्हाईक फिरले तर ती दुसऱ्याला विकता येते. लष्करी प्रशिक्षण विमानाची जगभरातली गिऱ्हाइके मोजकी असतात, त्यांची खरेदी वीस-पंचवीस वर्षांतून एकदा होते आणि प्रत्येकाला रंगापासून रेडिओपर्यंत सारे आपल्या पसंतीचे हवे असते. चौदा विमाने अडकली ती म्हणूनच वर्षानुवर्षे अडकली. अखेर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने ती घेतली आणि तेथील एकूण संख्या ५१ झाली. थायलंडची २४ मिळवली की ‘ए’ श्रेणीच्या, म्हणजे सीटी-४ च्या पहिल्या रूपाच्या, विमानांचा एकूण आकडा ७५ होतो.

न्यूझीलंडच्या हवाई दलाने त्याआधीच, १९७६-७७ मध्ये, १९ विमाने घेतली होती. ‘बी’ श्रेणीतील या विमानांनी क्राइस्टचर्चजवळच्या विग्रॅम तळावरची दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हार्वर्ड विमाने निवृत्त केली. ‘रेड चेकर्स’ हे हवाई दलाचे कसरत पथकही सीटी-४ वर आले. मात्र ही १९ विमाने पुरवून झाल्यावर उत्पादन थांबले आणि सुमारे चौदा वर्षे नव्या सीटी-४ ची मागणी आली नाही.

या ओहोटीची तुलना ब्रिटनच्या बुलडॉग विमानाशी करून पाहावी. तेही दोन आसनी, शेजारीशेजारी बसण्याचे, त्याच काळातले विमान आहे, आणि त्याचाही जनक कारखाना, बीगल, १९६९ च्या अखेरीस दिवाळ्यात निघाला होता. आराखडा प्रेस्टविकच्या स्कॉटिश एव्हिएशनने उचलला. येथवर दोन्ही कथा जुळ्या वाटतात. फरक पुढे पडतो : ब्रिटनच्या हवाई दलाने एकट्याने १३० बुलडॉग घेतली. न्यूझीलंडच्या हवाई दलाने १९७० पासून पुढच्या ४४ वर्षांत हॅमिल्टनकडून घेतलेली सगळी प्रशिक्षण विमाने, म्हणजे चार एअरटूरर, १९ ‘बी’ आणि पुढे भाड्याने घेतलेली १३ ‘ई’, मिळून ३६ भरतात. वर्षाला एक विमानही पडत नाही. सत्तरच्या दशकात ज्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या घरात होती, त्याच्या हवाई दलाने अधिक घ्यायला हवी होती असे म्हणण्यात अर्थ नाही. ती तेवढीच लागत होती. त्यामुळे या कारखान्याला निर्यातीवाचून गत्यंतर नव्हते, आणि निर्यात म्हटली की परक्या सरकारांचे अंदाजपत्रक, परराष्ट्र धोरण आणि लहर या तिन्हींच्या स्वाधीन होणे आले.

ओहोटीच्या काळात कंपनी फ्लेचरवर जगली. या विमानाचे टर्बोप्रॉप (टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारे) भावंड, ‘क्रेस्को’, १९७९ मध्ये उडाले. १९८२ मध्ये पुनर्रचना होऊन कंपनीचे नाव पॅसिफिक एअरोस्पेस कॉर्पोरेशन झाले. बोइंग आणि एअरबससारख्या मोठ्या उत्पादकांसाठी सुटे भाग बनवण्याचे कामही पुढे मिळाले. ज्या कंपनीची ओळख विमान उत्पादक अशी होती, तिची रोजची भाकरी बऱ्याचदा खताच्या विमानांतून आणि दुसऱ्यांच्या विमानांच्या भागांतून येत होती. या वस्तुस्थितीत मला कमीपणा दिसत नाही. कुशल कारागीर एकदा पांगले की ते पुन्हा गोळा होत नाहीत, आणि ते धरून ठेवण्याचा दुसरा मार्ग कंपनीजवळ नव्हता.

पुन्हा एकदा प्रयत्न

याच सुमारास ऑस्ट्रेलियात घडलेली एक गोष्ट या प्रकरणाशी जवळून निगडित आहे. सीटी-४ च्या जागी ‘वामिरा’ हे देशी टर्बोप्रॉप प्रशिक्षण विमान बनवण्याचा प्रकल्प तेथे हाती घेतला गेला होता. विमानाचे पहिले उड्डाण होण्याआधीच, १९८५ मध्ये, तो रद्द झाला आणि स्वित्झर्लंडच्या पिलाटस कंपनीचे पीसी-९ निवडले गेले. अशी ६७ विमाने घेण्यात आली. पिलाटस हीदेखील छोट्या देशाची कंपनी आहे. पण तिने टर्बोप्रॉपकडे वळण्याचा निर्णय लवकर घेतला होता, आणि पीसी-७ नंतर पीसी-९ अशी एकाच घराण्यातली विमाने ती एकामागून एक बाजारात आणत होती. हॅमिल्टनकडे तेवढे भांडवल नव्हते.

तरी प्रयत्न झाला. जानेवारी १९९१ मध्ये सीटी-४ चे टर्बोप्रॉप रूप, ‘सी’ श्रेणी, उडाले. अपघातग्रस्त झालेल्या हवाई दलाच्या एका विमानाचा सांगाडा त्यासाठी वापरला होता. उड्डाण चांगले झाले, पण मागणी आली नाही आणि नमुना एकटाच राहिला. डिसेंबर १९९१ मध्ये ३०० अश्वशक्तीचे लायकमिंग इंजिन आणि तीन पात्यांचा पंखा असलेली ‘ई’ श्रेणी उडाली. तिच्यासमोर अमेरिकी हवाई दलाची नवशिक्या वैमानिकांच्या चाळणी परीक्षेसाठीच्या विमानांची निविदा होती. ती निविदा १९९२ मध्ये ब्रिटिश बनावटीच्या फायरफ्लायने जिंकली आणि अमेरिकेने ११३ विमाने घेतली. १९९५ ते १९९७ दरम्यान तीन अपघातांत सहा जण मृत्युमुखी पडल्यावर ती सर्व जमिनीवर उभी करण्यात आली. हॅमिल्टनचे विमान निवडले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. मला फक्त एवढेच म्हणायचे आहे की, एका निविदेचा कौल आणि विमानाचा दर्जा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि छोट्या कारखान्याला मात्र त्यांतल्या पहिलीवरच जगावे लागते.

नव्वदच्या दशकातली खरी कामे शांतपणे, जुन्या ओळखीतून आली. ऑस्ट्रेलियातील टॅमवर्थ येथील ब्रिटिश एअरोस्पेस आणि ॲनसेट यांच्या उड्डाण महाविद्यालयाने १२ नवी ‘बी’ विमाने घेतली आणि थांबलेले उत्पादन पुन्हा सुरू झाले. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने पॉइंट कुकची शाळा बंद करून पहिल्या टप्प्याचे प्रशिक्षण टॅमवर्थला सोपवले तेव्हा त्या दलाचे विद्यार्थी पुन्हा सीटी-४ मध्येच बसले, फक्त विमानांची मालकी आता खासगी होती. थायलंडने १९९२ मध्ये ६ आणि १९९९ मध्ये १६ विमाने घेतली. न्यूझीलंडच्या हवाई दलाने १९९८ मध्ये जुन्या ‘बी’ विमानांच्या जागी १३ ‘ई’ विमाने आणली, पण विकत न घेता भाडेतत्त्वावर. सीटी-४ ची एकूण संख्या दीडशेच्या आसपास गेली. त्यांतली जवळजवळ निम्मी ‘ए’ श्रेणीची, म्हणजे पहिल्या काही वर्षांतली होती, हे ध्यानात घेतले तर उरलेल्या काळात कारखान्याने किती कमी विमानांवर गुजराण केली ते कळते.

भाडेतत्त्व ही हवाई दलाच्या दृष्टीने सोयीची व्यवस्था होती. कंपनीला तिच्यातून ठरलेले उत्पन्न मिळाले, तरी मोठी रक्कम एकदम हाती येऊन नव्या आराखड्यात घालता येईल अशी संधी तीत नव्हती. नवी गुंतवणूक झाली ती निराळ्याच विमानात. फ्लेचर आणि क्रेस्को यांच्या घराण्यातून निघालेले, आखूड धावपट्टीवरून माणसे वा माल उचलणारे आणि पॅराशूटवाल्यांना प्रिय झालेले विमान, पुढे पी-७५० म्हणून ओळखले गेलेले, सप्टेंबर २००१ मध्ये उडाले. तेव्हापासून कारखान्याचे मुख्य उत्पादन हेच होते.

जानेवारी २०१४ मध्ये न्यूझीलंडने अमेरिकेच्या बीचक्राफ्ट कंपनीशी ११ टी-६सी विमानांसाठी १५ कोटी ४० लाख न्यूझीलंड डॉलरचा करार केला आणि हवाई दलातून सीटी-४ चा निरोप ठरला. अकराशे अश्वशक्तीचे, पुढेमागे आसनांचे हे टर्बोप्रॉप विमान विद्यार्थ्याला पहिल्या धड्यापासून बरेच पुढे नेते, त्यामुळे पहिल्या टप्प्यासाठी वेगळे साधे विमान ठेवण्याची गरज उरत नाही. मला हा निर्णय हवाई दलाच्या दृष्टीने समजतो. पण त्यामुळे देशाच्या प्रशिक्षण विमानांचा देशी कारखान्याशी १९७० पासूनचा संबंध तुटला, आणि ती तूट कोणत्याही खरेदी अहवालाच्या आकड्यांत बसत नाही.

दुसरे निर्बंध प्रकरण

ऱ्होडेशियानंतर चाळीस वर्षांनी कंपनी पुन्हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांच्या कचाट्यात सापडली, आणि या खेपेस तिची बाजू सावरण्याजोगी नव्हती. सप्टेंबर २०१६ मध्ये उत्तर कोरियातील वॉन्सान येथे भरलेल्या हवाई प्रदर्शनात त्या देशाच्या खुणा रंगवलेले एक पी-७५० विमान दिसले. ते मुळात एका चिनी कंपनीला विकलेले होते. तपासात उघड झाले की विमान उत्तर कोरियात असल्याचे कंपनीला कळले होते आणि तरीही त्याच्यासाठी सुटे भाग चीनमार्गे पाठवले गेले. २०१७ मध्ये कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि पुढच्या वर्षी तिला सुमारे ७५ हजार न्यूझीलंड डॉलरचा दंड झाला.

दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. साम्य असे की, दोन्ही वेळा कागदावरचे गिऱ्हाईक एक आणि विमान वापरणारे दुसरेच होते, आणि मध्यस्थ अशा देशात होता जेथे हॅमिल्टनची नजर पोचत नव्हती. ज्याला घरचे गिऱ्हाईक पुरत नाही, त्याला मध्यस्थांशी व्यवहार करावाच लागतो. भेद मात्र अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या वेळी विमाने गेली नाहीत आणि तो तोटा कारखान्याने सोसला. दुसऱ्या वेळी खरा वापरकर्ता माहीत झाल्यावरही भाग जात राहिले. ज्या कारखान्याच्या गोठलेल्या चौदा विमानांचा इतिहास त्याच आवारात घडला होता, त्याने निदान अखेरच्या वापरकर्त्याची चौकशी इतरांहून काटेकोर ठेवायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. गिऱ्हाइकाची निकड हे येथे स्पष्टीकरण होऊ शकते, पण ती सबब ठरत नाही.

२०२१ मध्ये पॅसिफिक एअरोस्पेस परिसमापनात गेली आणि हॅमिल्टनचे काम ‘एनझेडएअरो’ या नावाखाली नव्या मालकांनी पुढे चालवले. सीटी-४ च्या लष्करी सेवेपैकी टॅमवर्थची सेवा बरीच लांबली. ऑस्ट्रेलियाने पहिल्या टप्प्यापासून पिलाटसचे पीसी-२१ वापरायचे ठरवल्यावर, २०१९ मध्ये, तेथील मूलभूत उड्डाण शाळा बंद झाली. हवाई दलाने त्याआधीच निवृत्त केलेली ‘ए’ श्रेणीची विमाने मात्र लिलावांतून खासगी हातांत गेली होती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील क्लबांच्या धावपट्ट्यांवर त्यांतली कित्येक अजून उडतात, आणि काही मालकांनी त्यांच्यावरचा पॉइंट कुकचा पिवळा-हिरवा रंग जपून ठेवला आहे.